काळ्या सायकलला गिअर: मागचा चिमटा घरी पसरवावा की नाही?
(ही चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सोळा गेज
ॲटलस, हिरो, हर्क्युलिस, मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले. यांपैकी कुठलीही जुनी काळी सायकल धड फ्रेमसकट पडून असेल तर ती भंगारात घालू नये. तिला गिअर बसवावेत आणि ते काम घरीच करावं, असं माझं ठाम मत आहे. वीस-बावीस किलोची सायकल, पुढे ४४ दात, मागे १८. पायडलच्या एका फेरीत चाक साधारण साडेपाच मीटर जातं. सपाटीला हे छान आहे, पण कात्रजच्या चढाला उतरून ढकलावी लागते. मागे १४ ते २८ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आलं की सगळ्यात हलक्या गिअरला तीच फेरी साडेतीन मीटरवर येते.

अडतं ते रुंदीवर. या सायकलींच्या मागच्या चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांच्या टोकाला एक्सल बसतो त्या दोन पट्ट्यांमध्ये, आतून ११० ते ११४ मिमी जागा असते. पाच गिअरच्या हबला (चाकाच्या मधल्या, स्पोक बसतात त्या भागाला) १२० लागते, सहा-सात गिअरच्या हबला १२६. फ्रेम स्टीलची असल्यामुळे चिमटा गरम न करता पसरवता येतो. (ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हे कधीही करू नये, तडा जातो.)

काम असं:

आधी फ्रेम सरळ आहे का ते बघा. गवंडी लावतात तसली बारीक नायलॉन दोरी एका पट्टीला बांधा, पुढे हँडलच्या नळीवरून फिरवून परत दुसऱ्या पट्टीला ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्ही बाजूंना व्हर्नियरनं मोजा. डावीकडे ३४ आणि उजवीकडे ३१ आलं तर चिमटा आधीच डावीकडे गेलेला आहे. मग उजवी बाजू जास्त आणि डावी कमी उघडायची. काम संपल्यावर फरक १ मिमीच्या आत हवा.

सीटजवळ वरच्या नळ्या नट-बोल्टनं जोडलेल्या असतील तर तो बोल्ट सैल करा. फ्रेम आडवी ठेवा. पाच फुटी, दोन-बाय-चारची सागवानी पट्टी चिमट्यात घालून सीटच्या नळीला टेकवा आणि एकेक बाजू वेगळी उचला. खालच्या नळ्यांमधल्या आडव्या पुलाजवळ लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा, नाहीतर जोर पुलाच्या ब्रेझिंगवर (पितळेच्या जोडावर) जातो आणि तिथे केसासारखी भेग पडते. स्टील परत मागे येतं, त्यामुळे हव्या मापाच्या पुढे न्यावं लागतं. किती पुढे, ते प्रत्येक फ्रेमचं वेगळं. म्हणून थोडं दाबा, सोडा, मोजा, पुन्हा दाबा.

आटे असलेला रॉड आणि दोन नट घेऊन दोन्ही बाजू एकदम फाकवण्याची पद्धत मला मान्य नाही. त्यात जी नळी नरम तीच सगळी वाकते आणि दुसरी जागची हलत नाही.

गुण्या
वाकवण्याची रीत बरोबर सांगितलीत, पण निष्कर्ष पटत नाही. चिमटा पसरवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अडतं त्याच्यापुढे, चार ठिकाणी.

पहिलं, पट्ट्यांचा कोन. खालच्या नळ्या साधारण ४७० मिमी लांब. प्रत्येक बाजू ८ मिमी बाहेर नेली की पट्टी जवळपास एक अंशानं फिरते, दोन्ही मिळून दोन अंश. डोळ्याला दिसत नाही, पण नट आवळला की एक्सल वाकतो. दोन लांब बोल्ट पट्ट्यांत समोरासमोर आवळून त्यांची टोकं एकमेकांना भिडतात का ते बघायचं आणि पट्ट्या मोठ्या पान्यानं परत समांतर करायच्या. हे तुमच्या लिहिण्यात नाही, आणि हेच न केल्यामुळे बहुतेक सायकली बिघडतात.

दुसरं, एक्सल. आटेवाल्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे हबच्या आत राहतात. सात चकत्या बाहेर आल्या की छर्ऱ्यापासून पट्टीपर्यंत तीन-साडेतीन सेंटीमीटर एक्सल अधांतरी राहतो. कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा सिलिंडर असेल तर तो तिथेच वाकतो नाहीतर तुटतो. छर्रे बाहेरच्या टोकाला नेणारा फ्रीहब शिमानोनं १९७८ मध्ये आणला तो याच दुखण्यावर.

तिसरं, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लावायचा कुठे? या सायकलींच्या खाचा मागे उघडतात, चेन ताणायचे बोल्टही तिथेच असतात. बाजारात मिळणारी डिरेलरची पट्टी पुढे उघडणाऱ्या खाचेसाठी बनवलेली असते. ती इथे बसवली तर जागा चुकते आणि चाक काढताना आडवी येते. नवी पट्टी जोडायची म्हणजे भट्टीचं काम आलं.

चौथं चेनव्हील, म्हणजे पायडलपाशी असलेली पुढची दातेरी चकती. याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. काळ्या सायकलची चेन आतून ३.१७ मिमी रुंद, गिअरची चेन २.३८. जुन्या चेनव्हीलच्या जाड दातांवर गिअरची चेन बसतच नाही, दातांच्या टोकांवर चढून राहते. जाड चेनच ठेवली तर ती मागे शेजारच्या चकतीला घासते. म्हणजे चेनव्हील बदला. कॉटरवर (क्रँक पक्का करणाऱ्या पिनेवर) बसणारं पातळ दातांचं मिळेना, म्हणून क्रँक (पायडलचा दांडा) बदला. क्रँकसाठी बीबी (दोन क्रँकच्या मधला एक्सल आणि त्याचे कप) बदला. आणि बीबीचे आटे एका इंचात २४ की रॅलेच्या जुन्या पद्धतीचे २६, हे आट्याच्या गेजशिवाय ओळखता येत नाही. २६ मध्ये २४ चा कप दोन फेऱ्या हातानं जातो आणि मग पाना लावणारा माणूस आटे खाऊन टाकतो.

एवढं करून सायकल तीच राहते का?

आतला गिअर
दोघंही डिरेलरच धरून बसलात. या सायकलचा गिअर शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ठरलेला आहे: हबच्या आतला तीन गिअरचा. स्टर्मी-आर्चर कंपनी नॉटिंगहॅममध्ये १९०२ ला निघाली. २००० पासून ती तैवानच्या सनरेसकडे आहे आणि हब अजूनही बनतात.

हिशोब बघा. मधला गिअर सरळ, खालचा पाऊण पट, वरचा एक आणि एक तृतीयांश पट. ४४ ला मागे २२ दात लावले तर एका फेरीत साधारण ३.३५, ४.४५ आणि ५.९५ मीटर. सोळा गेज यांचा सर्वांत हलका गिअर साडेतीन मीटरचा आहे. म्हणजे चढाला तीनच गिअरमध्ये त्याहून हलकं मिळालं. चेन जाडच राहते, चेनव्हील तेच, कॉटर तेच, डिरेलरची पट्टी नको. चिमटा पसरवावा लागला तरी चार-सहा मिमी. तेवढा हातानं फाकवून चाक बसवलं तरी चालतं.

फक्त दोन गोष्टी काटेकोर करा. एक्सलला दोन्ही बाजूंना दातवाले, खाचेत अडकणारे वायसर हवेतच. ते नसले तर जोर दिल्यावर एक्सल खाचेत फिरतो आणि गिअर सुटतो. आणि वायर मधल्या गिअरवर लावून जुळवायची: उजव्या नटच्या भोकातून बघा, साखळीच्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समतल दिसला पाहिजे. जुन्या हबमध्ये मधल्या आणि वरच्या गिअरच्या दरम्यान एक रिकामी जागा असते. वायर सैल राहिली तर उभं राहून पायडल मारताना पाय एकदम खाली जातो, माणूस दांड्यावर आदळतो. हबवाल्यांनी ही गोष्ट लपवू नये.

सोळा गेज
गुण्या, पट्ट्या समांतर करण्याचं लिहायला हवं होतं, मान्य. एक्सलबद्दलही तुमचं खरं आहे, म्हणून सात चकत्यांचा आग्रह सोडतो. पाच चकत्या, १२० मिमी. प्रत्येक बाजू पाचच मिमी, कोन जेमतेम अर्ध्या अंशाच्या वर, अधांतरी एक्सलही कमी. १४-२८ पाचमध्येही मिळतं.

चेनव्हीलसाठी मात्र क्रँक बदलायची गरज नाही. दात बारीक करता येतात. चेनव्हील काढून सपाट फळीवर आवळा, दोन्ही बाजूंनी सारखी कानस मारा आणि दाताची जाडी सव्वादोन मिमीच्या किंचित खाली आणा. ग्राइंडर नको, दात निळा पडला की नरम होतो. ४४ दातांना दोन संध्याकाळी जातात, पण काम होतं.

आतला गिअर यांच्या हबला माझा विरोध नाही. पण तो तालुक्याच्या गावात बिघडला तर उघडणार कोण? पाच चकत्यांचं फ्रीव्हील कुठलाही पंक्चरवाला खोलतो.

गुण्या
कानस मारून पातळ केलेला दात किती दिवस टिकेल? या चेनव्हील बहुतेक पत्र्यातून ठोकून काढलेल्या, कडक केलेल्या नसतात. पाऊण मिमी धातू गेला की दात आकड्यासारखे झिजतात आणि चेन चढावर उडी मारते. चढासाठी केलेलं काम चढावरच फसणार.

ओली रिम
चढाची चर्चा पुरेशी झाली, आता उताराबद्दल लिहितो. १४ दातांच्या चकतीवर एका फेरीत सायकल सात मीटर जाते. आणि ब्रेक? रॉड ब्रेकचे (वायरऐवजी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे) गुटके स्टीलच्या क्रोम रिमला खालून टेकतात. पावसात ओल्या क्रोमवर रबर धरत नाही, दोन-तीन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात. जुलैत खंबाटकीच्या उताराला अशी सायकल नेऊ नये. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी ब्रेक, मग गिअर.

ॲल्युमिनियमची रिम आणि वायर ब्रेक लावायचा तर मापं अशी. जुन्या २८ × १½ चाकाचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिमी, आजच्या ७०० सी रिमचा ६२२. म्हणजे गुटका साडेसहा मिमी खाली यायला हवा. चिमट्याच्या डोक्यातल्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजा आणि तेवढ्या लांब हाताचा ब्रेक घ्या. रेसिंग सायकलचे आखूड ब्रेक पोचत नाहीत. गुटका खाचेच्या शेवटच्या टोकाला कसाबसा टेकत असेल तर तो ब्रेक परत करा, कारण झिजल्यावर तो रिमखाली घसरून स्पोकमध्ये जातो.

रिमची भोकंही मोजा. जुनी पद्धत पुढे ३२, मागे ४०. नव्या रिम बहुतेक ३६ च्या. जुन्या ४० च्या हबवर ३६ ची रिम चढत नाही, म्हणजे हब आणि स्पोक दोन्ही नवे. शिवाय फ्रीव्हील रुंद झालं की रिम हबच्या मध्यावर राहत नाही, ती उजवीकडे ओढून चिमट्याच्या मध्यावर आणावी लागते. उजवीकडचे स्पोक जास्त ताणलेले, डावीकडचे सैल. आउट (रिमचा वाकडेपणा) काढल्यावर चाक उलटं फिरवून चिमट्यात घाला. दोन्ही वेळा रिम दोन्ही नळ्यांपासून सारख्या अंतरावर आली तरच मध्य बरोबर.

कॉटर
पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहात जुन्या सायकली मूळ रूपात ठेवलेल्या आहेत. रॉड ब्रेकचा एकेक सांधा किती विचारानं बसवलाय हे तिथे जवळून दिसतं. ज्यांच्याकडे सगळं मूळ सामान शाबूत आहे त्यांनी कानस हातात घेऊ नये, एवढंच म्हणणं. १८ च्या जागी २२ दातांचं साधं फ्रीव्हील लावा, दोन-चार कड्या चेन वाढवा. फेरी साडेपाचवरून साडेचार मीटरवर येते. तासाभराचं काम, आणि हवं तेव्हा पूर्ववत.

आणि कॉटर नीट बसवा. चढाला कुरकुर होते ती अर्ध्या वेळा तिथून. साडेनऊ मिमीच्या पिनच्या सपाट बाजूला काजळी लावा, आत दाबा, बाहेर काढा. काजळी पूर्ण लांबीवर पुसली गेली पाहिजे. एकाच टोकाला पुसली असेल तर कोन चुकलाय, तिथे हलकी कानस. दोन्ही पिना उलट दिशांनी घाला, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा ठेवा, नाहीतर मार बीबीच्या छर्ऱ्यांवर बसतो आणि कपात खळगे पडतात. नट आवळून पिन ओढू नका, आटे जातात. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ठोका.

सोळा गेज
मूळ सामान पूर्ण असलेल्या सायकलला हात लावू नये, हे मला पूर्ण मान्य. मी बोलतोय ते नुसती फ्रेम उरलेल्या सायकलींबद्दल, आणि तशाच जास्त आहेत. ब्रेक आधी, हेही मान्य.

राहिली डिरेलरची पट्टी. सात मिमी जाडीची पट्टी कापून, १० मिमीच्या बारीक आट्याचं म्हणजे १ मिमी पिचचं भोक पाडून ती एक्सलच्या पट्टीला पितळेनं जोडता येते. भोकाचा मध्य एक्सलच्या मध्यापासून २८ मिमीच्या आसपास खाली.

टाकणखार
हे वाचून राहवलं नाही. पितळेचा जोड घरच्या गॅस शेगडीच्या टॉर्चवर होत नाही. पितळ सुमारे ९०० अंशांना वाहतं, आणि जाड पट्टी तेवढी तापेपर्यंत शेजारची पातळ नळी पांढरी होते. जास्त तापलेल्या, ताणाखालच्या स्टीलमध्ये पातळ झालेलं पितळ कणांच्या फटीत शिरतं आणि पुढे तिथेच तडा जातो. ऑक्सि-ॲसिटिलीनवाल्याकडे न्या, आणि ज्याला नळीचं काम येतं त्याच्याकडेच. आर्क वेल्डिंगवाला रोजच्या सवयीनं जाड रॉड लावून दीड मिमीच्या नळीला भोक पाडतो. आर्कच करायचं असेल तर २ मिमीचा रॉड, ४० ते ६० ॲम्पिअर, आणि टाका फक्त पट्टीवर, नळीवर नाही.

जोडायच्या जागेचा रंग आणि क्रोम आधी पूर्ण काढा. झिंकचा मुलामा असलेला पाइप किंवा वायसर आगीत घालू नका, त्या धुरानं रात्री थंडी-ताप भरतो. जोड झाल्यावर उरलेला टाकणखार काचेसारखा कडक होतो. गरम पाण्यात तासभर भिजवून तो काढा, कारण त्याच्याखाली भेग असली तरी दिसत नाही आणि वरून मारलेला रंग महिन्यात पोपडे धरतो. आणि चिमटा पसरवण्याचं काम जोडाच्या आधी उरका. ताज्या जोडावर पाच फुटी पट्टीचा जोर देऊ नका.

गुण्या
आधी पसरवायचं, मग जोडायचं, मग समांतर बघायचं. जोडताना पट्टी पुन्हा ओढली जाते. तेव्हा समोरासमोरचे बोल्ट आणि दोरी, दोन्ही मोजमापं रंगाच्या आधी आणखी एकदा घ्या. तेवढं करणार असाल तर पाच चकत्यांना माझी हरकत नाही. कानसलेल्या चेनव्हीलला अजून आहे.