भाडेकरू बदलताना डीप क्लीनिंग: करावं का, आणि पैसे कोणाचे?

कर्वेनगरकर
आमचा टू बीएचके महिनाअखेरीस रिकामा होतोय. माझं मत असं की दोन भाडेकरूंच्या मधे सफाईची माणसं बोलवायचीच आणि बिल मालकानं भरायचं. माणसं राहिली की चिमणीच्या जाळीत तेलाचा चिकटा, ट्रॉलीच्या पट्टीत पिठाचा थर, सरकत्या खिडक्यांच्या खाचेत माती, हे होणारच. त्यात भाडेकरूचा काय गुन्हा? तरी कित्येक मालक डिपॉझिटमधून सफाईचे पैसे कापतात आणि नव्या माणसाला घर तसंच देतात. हा चक्क अन्याय आहे.

पेठेतली
पैसे मालकाचे, हे मान्य. पण ४-५ हजार कशाला घालवायचे? मी आमच्या कामाच्या मावशींना दोन दिवसांचे वेगळे पैसे देते आणि स्वतः समोर उभी राहते. काम चोख होतं. कंपनीची मुलं उरकून पुढच्या घरी पळतात. आमच्याकडे आलेल्यांनी बाथरूममध्ये ॲसिड ओतलं. डाग गेले, पण टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही गेलं आणि नळांची चकाकी कायमची उडाली.

कर्वेनगरकर
ताई, ॲसिड आणायचं नाही हे आधीच बजावायचं. बोअर-टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग सायट्रिक ॲसिडनंही निघतात, फक्त ते मार्बलवर लावायचं नाही. आणि सहाव्या मजल्यावर मावशींना ग्रिलबाहेर वाकायला लावणं मला पटत नाही. ड्राय बाल्कनीत कबुतरांची विष्ठा साचली असेल तर ती कोरडी झाडायचीच नसते, धूळ फुप्फुसात जाते. आधी भिजवायची, मास्क लावायचा. हे मावशींना कोण सांगतं?

पेठेतली
मी सांगते. मास्कही देते. आणि खिडकीबाहेर मी कुणालाच वाकू देत नाही, तुमच्या कंपनीच्या मुलालाही देणार नाही.

बाणेरचा मालक
कर्वेनगरकर, सरसकट मालकानं भरायचं म्हणजे नीट राहणाऱ्याला आणि घाण करून जाणाऱ्याला एकच न्याय. माझ्या हॉलमध्ये बाईक खोलून दुरुस्त केली होती. ऑइल टाइल्समध्ये मुरलं. ते मी का सोसायचं?

कर्वेनगरकर
ते सोसू नका. ती नासधूस आहे, तिचे पैसे जरूर कापा, पण बिल दाखवून. मी रोजच्या मळाबद्दल बोलतोय.

वाकडची भाडेकरू
बिल कुठे दाखवतात? मी स्वतः माणसं लावून घर चकाचक करून दिलं, तरी पेंटिंग आणि क्लीनिंग म्हणून अख्ख्या महिन्याचं भाडं कापलं. करारात त्याबद्दल एक ओळ नव्हती. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तो नसेल, तर मालकाला उलट सिद्ध करता येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. तेव्हा सफाई कोणाची, पेंटिंग कोणाचं, हे करारातच लिहा. चावी देता-घेता दोघांनी मिळून व्हिडिओ काढा, सिंकखालच्या कपाटासकट.

बाणेरचा मालक
लिहायला माझी ना नाही. पण एजंटचा छापील मसुदा असतो, त्यात तो एक शब्द बदलत नाही.

वाकडची भाडेकरू
बदलतो. मालकानं सांगितलं की लगेच बदलतो, आम्ही सांगितलं की नाही. म्हणून तुम्हीच सांगा.

कर्वेनगरकर
अगदी खरं. आणि कामाचा क्रमही सांभाळा. आधी प्लंबर आणि सुतार, मग रंग, मग सफाई. रंगाआधी सफाई केली तर घासकामाची पांढरी पूड पुन्हा सगळ्या कपाटांत बसते. झुरळांचं जेल सगळ्यांत शेवटी, नाहीतर धुण्यात निघून जातं.

पेठेतली
जेल शेवटी, हे बरोबर. एक माझंही ऐका: ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू होतो. घाईत असलेली मुलं नेमकं हेच करतात, म्हणून मी मावशींनाच बोलावणार.