राग आला की अबोला. कसं हाताळता तुम्ही?

मदत हवी आहे. लग्नाला ९ वर्षं झाली. मी चिडले की तोंडाचा पट्टा सुरू होतो, पण दहा मिनिटांत सगळं विसरूनही जाते. नवऱ्याचं नेमकं उलटं. तो गप्प होतो. परवा मी तावातावाने बोलत होते आणि हा चादरीची घडी घालत होता, कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी शांतपणे. माझं डोकं आणखीच फिरलं! मग तीन दिवस फक्त 'हं' आणि 'नको'.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की भांडण तापलं, नाडी शंभरीपार गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, म्हणून निदान २० मिनिटं थांबावं. पटतं. पण २० मिनिटांचे तीन दिवस होतात त्याचं काय? शिवाय थांबताना 'परत येऊन बोलू' असं सांगायचं असतं, ते आमच्याकडे कुणीच सांगत नाही. (मीही नाही, खरं तर.)

तुमच्यापैकी कुणाचा जोडीदार असा मिटून घेणारा आहे का? अबोला पहिल्यांदा कोण मोडतं, आणि नेमकं काय बोलून? आणि तुम्ही स्वतःच गप्प बसणारे असाल तर सांगा, त्या वेळी समोरच्याने काय केलेलं बरं वाटतं?