मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या कर्करोगावरची, ईजीएफआर रोखणारी गोळी लागू पडेनाशी झाली, पुन्हा बायॉप्सी करावीच लागेल का?

आई ६८ वर्षांची, फुफ्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार), चौथी स्टेज. तंबाखूला कधी हात लावला नाही. (नातेवाइकांचं मात्र चुलीच्या धुरापासून उदबत्तीपर्यंत सगळं संशोधन करून झालंय.) ईजीएफआरच्या जनुकात एक्झॉन १९ डिलिशन (एक तुकडा गळण्याचा बदल) निघालं म्हणून गेफिटिनिब २५० मिग्रॅ सुरू केली, ऑसिमर्टिनिब या नव्या गोळीचा खर्च तेव्हा झेपणारा नव्हता. चेहऱ्यावर पुरळ आले, जुलाब झाले, पण खोकला थांबला. चौदा महिने स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात होतं.

आता पेट स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसतेय. डॉक्टर म्हणाले, टी७९०एम (त्याच जनुकातला, गोळीला दाद न देणारा बदल) बघू. मला समजलं ते असं: ईजीएफआर हा पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन; त्याच्या आतल्या खोबणीत एटीपीची (पेशीच्या ऊर्जेच्या रेणूची) जागा अडवून गोळी बसते आणि पेशीला 'वाढ' हा निरोप जात नाही. टी७९०एम म्हणजे ७९०व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन; ते आलं की तिथे एटीपी जास्त घट्ट बसतं आणि गोळी हरते. ऑसिमर्टिनिब मात्र ७९७व्या जागच्या सिस्टीनला कायमची चिकटते. चुकत असेन तर सांगा.

टी७९०एमसाठीची रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून आता नवा तुकडा हवा म्हणतात. मागच्या वेळी सुईनंतर छातीत हवा साठली, नळी टाकावी लागली. आई म्हणते, "मेले तरी चालेल, सुई नको." पहिल्या बायॉप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमध्ये आहे, तोच तपासला तर?

प्रतिसाद:
समज बरोबर आहे. पण जुना ब्लॉक गोळीच्या आधीचा. टी७९०एम बहुतेकदा गोळी चालू असताना वरचढ होतो, त्यामुळे त्यात सापडण्याची आशा कमीच. रक्त निगेटिव्ह म्हणजे 'नाही' असंही नव्हे, गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडत नसेल. या गोळ्या निकामी होतात तेव्हा साधारण निम्म्या रुग्णांत टी७९०एम सापडतो. बाकीच्यांत काहींचं मेट (वाढीचा निरोप देणारं दुसरं जनुक) वाढलेलं असतं, थोड्यांत गाठ चक्क स्मॉल सेल या वेगळ्या प्रकारच्या कर्करोगात बदलते, आणि तिथे उपचारच वेगळा. ते तुकड्याशिवाय कळत नाही. मात्र तुकडा फुफ्फुसातूनच हवा असं नाही. मानेत गाठ किंवा छातीत पाणी आहे का ते बघा. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

धागाकर्ता:
रिपोर्ट पुन्हा वाचला. डाव्या कॉलरबोनच्या (गळ्याजवळच्या हाडाच्या) वर, मानेत, गाठ लिहिली आहे! आमचं लक्षच गेलं नव्हतं. सोमवारी डॉक्टरांना तिथून घेता येईल का विचारतो. आईला अजून काही बोललो नाही.