कॉलेजच्या पाच वर्षांच्या प्लॅनमध्ये कुठलं तंत्रज्ञान लिहू? व्हीआर लॅब घ्यावी का?

कॉमर्सवाली
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवते, बाराशेच्या आसपास पोरं, निम्मी तरी एसटीने येणारी. आयक्यूएसीने (कॉलेजची गुणवत्ता समिती) आयडीपीचं, म्हणजे कॉलेजच्या विकास आराखड्याचं, काम वाटून दिलंय आणि माझ्या वाट्याला "उदयोन्मुख तंत्रज्ञान" आलंय, म्हणजे पुढच्या पाच वर्षांत शिक्षणात काय येणार आणि आपण खर्च कशावर करायचा. मध्येच एक व्हेंडर व्हीआर लॅबचं कोटेशन देऊन गेला, वीस हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी दृश्यं बघायचे), चौदा लाख. संस्थेला ते आवडलंय, नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) दाखवायला ठोस काहीतरी होईल म्हणून. मला पटत नाहीये पण नुसतं पटत नाही म्हणून मीटिंगमध्ये भागत नाही.

मला जे दिसतंय ते वेगळंच आहे. गेल्या महिन्यात एसवायच्या ४२ असाइनमेंट्स तपासल्या, विषय महागाई. निम्म्याहून जास्त जणांच्या पहिल्याच ओळीत "बहुआयामी". हा शब्द आमच्या वर्गात मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. एका मुलीला बोलावलं, रागावले नाही, नुसतं विचारलं, तर म्हणाली मॅडम मी आधी माझं माझं लिहिलं होतं पण ते फार साधं वाटलं म्हणून एआयकडून करून घेतलं. वहीतलं ते पान दाखवलं तिने. वडिलांच्या किराणा दुकानातले तेलाच्या डब्याचे दोन दिवाळ्यांचे भाव, आणि खाली लिहिलेलं की दुसऱ्या वर्षी लोक डब्याऐवजी सुटं तेल न्यायला लागले. मला रडू यायचं बाकी होतं.

तर प्रश्न असा की कुठलं तंत्रज्ञान खरंच शिक्षण बदलणार हे आधी ओळखता येतं का? कोणी बरोबर सांगितलंय का आजवर?

जुना_ग्रंथपाल
मॅडम, ३१ वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली, त्यात "आता शिक्षण बदलणार" निदान पाचदा ऐकलं. एडुसॅटचं सांगतो. २० सप्टेंबर २००४ ला श्रीहरिकोट्याहून सोडला, खास शिक्षणासाठीचा आपला पहिला उपग्रह, आणि त्याच्या आधीच्या प्रायोगिक टप्प्यात आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठसुद्धा होतं. कल्पना चांगलीच होती, आजही म्हणेन. गच्चीवर डिश, खाली खोलीत टीव्ही आणि माइक, तिकडून प्राध्यापक शिकवणार आणि इकडून पोरं प्रश्न विचारणार. आमच्याकडे झालं असं की लेक्चर अकराला, लोडशेडिंगही अकराला, खोलीची किल्ली एकाच शिपायाकडे, आणि मुख्य म्हणजे तिथं शिकवलेलं पेपरात येणार का हे कोणालाच सांगता येईना. पहिल्या आठवड्यात चाळीस पोरं, दिवाळीनंतर सहा. उपग्रह २०१० पर्यंत चालला, आमची खोली त्याच्या बरीच आधी बंद झाली.

मग २०११ ला आकाश टॅब्लेट, सव्वादोन हजारांच्या आसपासचा. त्याचाही गाजावाजा झाला. पण पोरांच्या हातात शेवटी आला तो स्वतःचा फोन, आणि २०१६ ला जिओ आल्यावर स्वस्त झालेला डेटा. जुन्या प्रश्नपत्रिकांचे बाइंड केलेले गठ्ठे मागायला माझ्या काउंटरवर परीक्षेआधी रांग लागायची, ती दोन वर्षांत संपली, सगळं पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं. हे कुठल्याही कॉलेजच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. माझं मत विचाराल तर ज्या वस्तूला कुलूप लावावं लागतं तिच्यावर पैसे घालू नका.

डेट्रॉईटकर
मी इथे युनिव्हर्सिटीत प्राध्यापकांना कोर्स डिझाइन करायला मदत करतो, त्यामुळे हे भाकितांचे रिपोर्ट दरवर्षी वाचायला लागतात. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे होरायझन रिपोर्ट, २००४ पासून निघतोय, आधी न्यू मीडिया कन्सॉर्टियम काढायची, ती संस्था २०१७ च्या शेवटी बंद पडली आणि पुढे एज्युकॉजने चालू ठेवला. पद्धत डेल्फीची, म्हणजे जाणकारांचं पॅनेल बसवायचं, फेऱ्याफेऱ्यांनी मतं घ्यायची, बाकीचे काय म्हणतायत ते बघून पुन्हा मत द्यायचं, असं करत यादी छोटी करत आणायची.

आता जुन्या याद्या काढून बघा. २००७ ला व्हर्च्युअल वर्ल्ड्स (कॉम्प्युटरवरची आभासी जगं) होते, दोन-तीन वर्षांत येणार म्हणून. २०१२ ला हातवारे करून चालणारे कॉम्प्युटर होते, चार-पाच वर्षांत. २०१३ ला थ्रीडी प्रिंटिंग आणि अंगावर घालायची उपकरणं. पण त्याच २००७ च्या यादीत मोबाइल फोनही होता आणि २०१२ ला लर्निंग ॲनालिटिक्स (पोरांच्या ऑनलाइन नोंदींवरून त्यांचा अभ्यास कसा चाललाय ते बघणं), ही दोन्ही आज कुठल्याही मोठ्या युनिव्हर्सिटीत रोजची झालीयेत. म्हणजे नावं बऱ्याचदा बरोबर असतात, चुकतो तो काळ, आणि ते नेमकं कुठून आत शिरणार हे. पुढे त्यांनी ते एक वर्ष, तीन वर्ष, पाच वर्ष असे कप्पे काढूनच टाकले. २०२२ च्या यादीत एआय दोनदा आहे पण ॲनालिटिक्स आणि लर्निंग टूल्स म्हणून, पोरगं घरी बसून अख्खा निबंध लिहून घेईल अशी नोंद वेगळी नाही, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं.

व्हीआरबद्दल एवढंच सांगतो की नर्सिंग, सर्जरी, वेल्डिंग, जिथे चूक महाग पडते तिथे तो उपयोगी पडताना मी बघितलाय. इकॉनॉमिक्सच्या वर्गात तो लावून पोरं काय बघणार हे व्हेंडरला लेखी विचारा. आणि कंटेंटचं लायसन्स दरवर्षी भरायचं आहे का, हेही.

परीक्षा_विभाग
कॉलेजात परीक्षेचं काम बघतो म्हणून थोडं वेगळं बोलतो. २०११ ला स्टॅनफर्डचा एआयचा फुकट ऑनलाइन कोर्स आला, सुमारे १,६०,००० लोकांनी नाव घातलं, आणि सगळीकडे चर्चा सुरू झाली की कॉलेजं बंद पडणार. पडली नाहीत. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्या प्राध्यापकांच्या लेक्चरचे, व्हिडिओ तर आपल्याकडे त्याच्याही आधीपासून होते, मोजकी पोरं बघायची. फरक पडला तो क्रेडिट (डिग्रीत मोजले जाणारे गुण) मिळायला लागल्यावर. यूजीसीने २०१६ ला स्वयंमचे (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट चालतील म्हणून नियम केला, २०२१ ला ते ४० टक्के केले, मग हे क्रेडिट साठवायची क्रेडिट बँक आली. आता आमच्या काउंटरवर पोरं विचारतात, सर स्वयंमचा कोर्स माझ्या मार्कशीटवर कधी दिसणार. कोर्स चांगला आहे का हे नंतर.

त्यामुळे मॅडम, मी तरी दोनच गोष्टी बघेन. ते पोराच्या खिशात आधीच आहे का, आणि त्याचा मार्कांशी संबंध येतो का. एआयला दोन्ही लागू आहे, म्हणून तो तुमच्या आयडीपीची वाट न बघता वर्गात येऊन बसला.

टीवायबीए_झालं
मॅडम, त्या मुलीचं वाचून लिहावंसं वाटलं. मी पूर्ण मराठी मीडियमची. एमएला आल्यावर रेफरन्स बुकं सगळी इंग्लिश, पहिले दोन महिने मी एकेक पान डिक्शनरी घेऊन वाचायचे, रात्रीचा एक वाजायचा. आता पानाचा फोटो काढते, भाषांतर होतं, चुका असतात (एकदा "इंटरेस्ट रेट" चा "आवडीचा दर" आला होता, तो मी सरांना जाऊन विचारला तेव्हा कळला) पण विषय हाताला लागतो. माझ्यासाठी एवढ्या वर्षांत आलेलं सगळ्यात मोठं तंत्रज्ञान हेच आहे. २०२१ पासून इंजिनिअरिंगसुद्धा मराठीतून करायला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) परवानगी दिलीय, आर्ट्सवाल्यांचा पण कोणीतरी विचार करा. एआय बंद करू नका मॅडम प्लीज, फक्त कशासाठी वापरायचं ते आम्हाला कोणीतरी बसून शिकवा. आम्हाला कोणीच शिकवलं नाही, एकमेकींचं बघून शिकलो.

कॉमर्सवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, कुलपाचं वाक्य मी मीटिंगमध्ये तसंच्या तसं बोलणार आहे. दादा, व्हेंडरला मेल केला, लायसन्स दरवर्षीचं निघालं आणि त्यात इकॉनॉमिक्सचं एकही मोड्यूल नाही, फिजिक्स आणि बायोलॉजीचं आहे तेही शाळेच्या लेव्हलचं.

आता ड्राफ्टमध्ये असं लिहितेय. लायब्ररीतलं वायफाय सगळ्या इमारतींत नेणं, एसटी उशिरा असलेल्या पोरांसाठी लायब्ररी सातपर्यंत उघडी, भाषांतराची चूक कशी पकडायची यावर प्रत्येक विभागाचे चार तास, आणि माझा सगळ्यात जास्त जोर आहे तो म्हणजे इंटर्नलमधले दहा मार्क तोंडी. असाइनमेंट कशीही लिहा, पण स्वतःच्या घरातला किंवा गावातला एक आकडा आणायचा आणि त्यावर पाच मिनिटं बोलायचं. त्या मुलीला सांगितलंय की तेलाच्या भावाचं पानच सबमिट कर, आणि दुकानाच्या वहीत तिसऱ्या वर्षाचे भाव आहेत का तेही बघून ये.

फक्त ४२ पोरांचे पाच-पाच मिनिटं म्हणजे साडेतीन तास होतात आणि माझ्याकडे असे तीन वर्ग आहेत. परीक्षावाले सर, तोंडी परीक्षा लेक्चर बंद न करता टाइमटेबलमध्ये बसवलेलं एखादं कॉलेज माहितीत आहे का?