'गुन्हा' की 'अपराध'? आणि 'आरोपी'चं व्याकरण

बातमीत 'गुन्हा दाखल' असतं, कायद्याच्या मराठी पुस्तकात त्यालाच 'अपराध' म्हणतात. दोन्हींच्या अर्थामध्ये फरक आहे का? आणि फिर्याद करणारा फिर्यादी, तर आरोप करणारा आरोपी का नाही?

– कायद्याच्या लेखी फरक नाही, व्यवहारात मात्र भरपूर आहे. 'गुनाह' हा फारसी शब्द, तिकडे त्याचा अर्थ पापही होतो. आपल्याकडे तो थेट चावडी-चौकीवर गेला. 'अपराध' संस्कृत. 'राध्' म्हणजे साधणं, 'अप' लागला की हुकणं. अमरकोशात ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला 'अपराद्धपृषत्क' म्हटलंय. (पृषत्क म्हणजे बाण.) म्हणजे मुळात हा नेम चुकण्याचा शब्द! तो देवघरात राहिला: पूजेनंतर आपण 'अपराधसहस्राणि' म्हणून क्षमा मागतो, शिशुपालाचेही शंभर अपराधच भरतात. मनाला अपराधी वाटतं, पण पोलीस नोंदवतात तो गुन्हा. पुस्तकी अनुवादकांनी 'अपराध' उचलला, ठाण्यात कुणी ऐकलं नाही. माझ्या मते ठाण्याचं बरोबर आहे.

जाता जाता: जुन्या मराठीत 'गुन्हेगारी' म्हणजे दंडाची रक्कमही.

– आरोपीबद्दल. दोन्हीकडचा 'ई' वेगळा आहे. 'फिर्याद' फारसी, मूळ अर्थ मदतीची हाक. तिथला 'ई' फारसी वळणाचा, हाक मारणाऱ्याला लागलेला. 'आरोपी'तला संस्कृत 'इन्', म्हणजे 'असलेला'. रोग असलेला रोगी, तसा आरोप असलेला आरोपी. आरोप म्हणजे वर ठेवणं, लावणं, वृक्षारोपणातला तोच. दोष सिद्ध होईपर्यंत तो गुन्हेगार नव्हे, त्यानंतर 'सिद्धदोष'. 'आरोपीने चोरी केली' असं सर्रास छापणाऱ्यांना हे कोण सांगणार?

– त्यात 'सदोष मनुष्यवध'ही घ्या, म्हणजे जीव घेण्याच्या हेतूने किंवा जीव जाऊ शकतो हे जाणून केलेलं कृत्य. लोकांना तो खुनाचा शुद्ध मराठी पर्याय वाटतो. 'खून' फारसीत रक्त, मराठीत हत्या. कायद्यात मात्र प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतो, उलट नाही. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम 103मध्ये आहे, खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची 105मध्ये. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू तिसराच, कलम 106. गाडीखाली माणूस गेला की 105 लावायचं की 106, यावरच कोर्टात खरी खडाजंगी होते.