प्रति: पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो

ऊस तोडल्यावर पाचट, म्हणजे वाळकी पानं, शेतात ठेवलं की खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेलं पीक, पिवळा पडतो हे खरं, पण म्हणून पाचट पेटवू नका. कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी उचलतात, तेवढं वरून द्यायला हवं. हेक्टरी साधारण 10 टन पाचट धरून 80 किलो युरिया आणि 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर फोका. 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत चाळलेल्या शेणखतात मिसळून वेगळं टाका, युरियात कालवू नका. लगेच पाणी द्या. कोरडं पाचट कुजत नाही.

त्याआधी बुडख्यांवरचं, म्हणजे तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या उसाच्या बुंध्यांवरचं, पाचट सरीत ओढायलाच हवं. बहुतेकांचं इथंच बिघडतं: झाकलेल्या बुडख्यांचे कोंब पांढुरके, लांबट निघतात आणि फुटवे विरळ होतात. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. उंच राहिले तर वरचे डोळे फुटतात, ते कमकुवत असतात.