टिपरे, साराभाई आणि ‘कोर्ट’

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही हिंदी मालिका म्हणजे श्रीमंतांची थेरं, खरी विनोदी मालिका मराठीतली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’; आणि ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट रटाळ आहे. माझंही मत टिपऱ्यांनाच. दिलीप प्रभावळकरांचे आबा आणि नातू शिऱ्या समोरासमोर आले की बाकी काही लागत नाही. पण साराभाईंना असं मोडीत काढू नका हो! २००४ साली सगळीकडे सासू-सुनांची रडारड चालू असताना त्याच नात्यावर हसवायचं, हे धाडसच. रत्ना पाठक शाह यांची माया सुनेला शालजोडीतले हाणते, पण आवाज एक पट्टीही चढत नाही. मायाच्या लाडक्या मुलाच्या, रोसेशच्या कविता मात्र सलग भाग पाहिले की डोक्यात जातात. २०१७ चा वेब सीझन मला झेपला नाही.

आता ‘कोर्ट’ रटाळ आहे या तक्रारीबद्दल. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा हलत नाही, मान्य. पण कोर्टात आलेल्या एका बाईंनी बिनबाह्यांचं घातलंय म्हणून न्यायाधीश सुनावणी पुढे ढकलतात, तो प्रसंग आठवा. कुणी आरडाओरडा करत नाही, पार्श्वसंगीत नाही. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील तर कमालच. कोर्टात रुक्ष आवाजात कलमं वाचणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासोबत नाटकाला जाते, परप्रांतीयांवरच्या विनोदांना प्रेक्षागृह खदखदतं. त्या हशाने मी जेवढा अस्वस्थ झालो, तेवढा लोकशाहिरावरच्या मुख्य खटल्याने नाही. एकदा मोबाइल बाजूला ठेवून बघा, मग रटाळ म्हणा.